पाठ जाड, पोट पोकळ
वस्तरा एकच, मग कुणाच्या हातून दाढी लोण्यासारखी आणि कुणाच्या हातून गालाची आग, असं का?

रविवारची सकाळ. बेंगळुरूच्या पूर्वेकडचं महादेवपुरा. व्हाइटफील्ड रस्त्यावर डोक्यावरून मेट्रो धावतेय, खाली आयटी कंपन्यांच्या काचेच्या इमारती आणि त्यांच्या मागच्या गल्लीत एक केशकर्तनालय. खुर्चीत सत्तरी ओलांडलेले अण्णा. मुलगा इथं नोकरीला, म्हणून कराडकडचं गाव सोडून तेही इथं आलेले. दाढी संपते, कारागीर गालावरून तुरटी फिरवतो आणि अण्णा डोळे घट्ट मिटून घेतात.

घरी येईपर्यंत ते गप्प असतात. मग चहाचा कप हातात घेत म्हणतात, ‘‘आरं, ही दाढी न्हवं, सोलपटं काढली माझी. आमच्या गावचा कारागीर वस्तरा फिरवायचा, तर कळायचंबी न्हाई.’’

मुलगा हसतो. ‘‘अण्णा, इथं प्रत्येक गिऱ्हाइकाला नवं पातं लावतात. तुमच्या गावच्या वस्तऱ्यापेक्षा धारदार असतं ते.’’

‘‘धारदार आसंल. पर मऊ न्हाई,’’ अण्णा निकाल देतात.

नाव-गाव कुणाचंही घाला. हा संवाद बेंगळुरूतच नव्हे, पुण्या-मुंबईतल्या अनेक मराठी घरांतही होऊ शकतो. मुलाला वाटतं, म्हाताऱ्याला गावची आठवण येतेय. म्हाताऱ्याला वाटतं, पोराला दाढीतलं काही कळत नाही. गंमत अशी की, या वादात दोघंही बरोबर आहेत. नवं पातं खरोखरच जास्त धारदार असतं आणि गावचा वस्तरा खरोखरच मऊ लागू शकतो. कारण दाढीचं सुख नुसत्या धारेत नसतं. धारेच्या मागं पोलाद किती आहे आणि ते कोणत्या आकारात घासलंय, यावरही ते अवलंबून असतं.

पाचर की पन्हाळ?

जुन्या पद्धतीचा वस्तरा हातात घेऊन टोकाच्या बाजूनं त्याच्याकडे बघा. वरची पाठ जाड, खालची धार केसासारखी बारीक. या दोहोंच्या मधला भाग म्हणजे वस्तऱ्याचं पोट. सगळी मेख या पोटात आहे.

एका जातीच्या वस्तऱ्याचं पोट सपाट असतं. पाठीपासून धारेपर्यंत दोन्ही बाजू सरळ उतरत जातात. लाकूड फोडायच्या पाचरीचा आकार डोळ्यांसमोर आणा, म्हणजे कळेल. या वस्तऱ्यात पोलाद भरपूर, वजन भरपूर. तो वाकत नाही, थरथरत नाही. राठ, दाट दाढीतून तो सरळ वाट काढतो.

दुसऱ्या जातीचं पोट दोन्ही बाजूंनी गोल खोल घासलेलं असतं, पन्हाळीसारखं. कारागिरांच्या भाषेत हा ‘हॉलो ग्राइंड’. पोट थोडं खोल असेल तर पाव हॉलो, आणखी खोल असेल तर हाफ हॉलो आणि धारेच्या मागं कागदासारखा पातळ पत्रा उरेपर्यंत घासलेला असेल तर फुल हॉलो. हा शेवटचा वस्तरा इतका पातळ असतो की, अंगठ्याच्या नखावर अलगद टेकवला तर धारेजवळचं पोलाद किंचित लवतं. गालावर फिरताना तो चक्क आवाज करतो. केस कापले जाताना पातळ पोलाद थरथरतं आणि पातं गुणगुणतं.

आता प्रश्न असा की, पातळ पात्याची धार जास्त तीक्ष्ण असते का? बहुतेकांना वाटतं, हो. उत्तर मात्र नाही, असं आहे.

वस्तऱ्याला धार लावताना तो दगडावर आडवा टेकवतात. पाठ दगडावर, धारही दगडावर. म्हणजे धारेचा कोन ठरतो तो पाठीची जाडी आणि पात्याची रुंदी या दोनच गोष्टींवरून. समजा पातं ५/८ इंच, म्हणजे साधारण १६ मिलिमीटर रुंद आहे आणि पाठ साडेचार मिलिमीटर जाड आहे. हिशेब केला तर धारेचा कोन १६ अंशांच्या आसपास येतो. मधलं पोट सपाट असो की खोल, कोन तोच! वस्तऱ्याची पाठ ही नुसती पकडायला नाही, तर धार लावताना कोन चुकू नये म्हणून बसवलेली ती पट्टीच आहे.

मग फरक कशाचा? फरक ताठपणाचा. पत्रा निम्मा पातळ केला की, तो दुप्पट नाही तर आठपट सहज वाकतो, असा यंत्रशास्त्राचा नियम आहे. त्यामुळे धारेमागचं पोलाद थोडंसं जास्त घासलं तरी वस्तऱ्याचा स्वभाव पार बदलून जातो.

कुणाच्या गालाला काय?

पाचरीसारखा वस्तरा अबोल असतो. तो हाताला काही सांगत नाही. कोन चुकला, दाब जास्त पडला, तरी तो निमूट पुढं जातो आणि कातडीचा वरचा थर खरवडून नेतो. मुरलेल्या हातात मात्र तो राजा. त्याचं वजनच काम करतं, वरून दाबावं लागत नाही. दाट आणि राठ दाढीवर तो एकाच हातात साफ करतो.

फुल हॉलो बोलका. प्रत्येक केसाची खबर तो बोटांना देतो. कुठं खुंट राठ आहेत, कुठं साबण सुकलाय, हे आवाजावरून कळतं. हलक्या हाताच्या माणसाला हा फार सुखाचा. पण दाबलात तर पातळ धार लवते, केसांवर अडखळते, मग कातडीवर बारीक लाल रेघा उठतात. हनुवटीसारख्या ठिकाणी, जिथं केस जाड आणि वळण अवघड, तिथं हा नवशिक्याची परीक्षा बघतो.

या दोघांच्या मधला हाफ हॉलो. थोडा ताठ, थोडा बोलका. नव्यानं वस्तरा शिकणाऱ्यानं ५/८ इंच रुंदीचा, हाफ किंवा त्याहून थोडा खोल पोटाचा वस्तरा घ्यावा, असं जाणकार सांगतात ते यासाठीच. टोकही गोल असावं. चौकोनी, अणकुचीदार टोक मिशीची कड कोरायला छान, पण कानाच्या पाळीला तितकंच घातक!

रुंदीचीही एक गोष्ट आहे. रुंद पातं जड असतं, फेसही जास्त सामावून घेतं, त्यामुळे ते सारखं पुसावं लागत नाही. पण नाकाखाली ते फिरवताना नाकी नऊ येतात. अरुंद पातं तिथं चपळाईनं वळतं.

आता अण्णांच्या गावच्या कारागिराकडे वळू. वर्षानुवर्षं धार लावून वस्तरा झिजतो. दगडावर नीट आडवा टेकवला तर पाठही धारेबरोबर झिजते आणि कोन साधारण तोच राहतो. पण घाईघाईत पाठ उचलून धार लावली की गणित बिघडतं. वरच्या उदाहरणातलं १६ मिलिमीटरचं पातं झिजून १३ वर आलं आणि पाठ तेवढीच जाड राहिली, तर कोन १६ वरून १९ अंशांच्या पुढं जातो. असा वस्तरा केस कापत नाही, ओढतो. म्हणून ज्याच्या जुन्या वस्तऱ्यानं दाढी कळत नसे, त्या कारागिराची खरी विद्या नुसत्या हातात नव्हती. त्याच्या दगडात आणि चामड्याच्या पट्ट्यातही होती.

मुंबईहून गेलेलं पोलाद

वस्तऱ्याची ही कथा अण्णांच्या मुलाला आणखी एका कारणासाठी आवडावी. ती ज्या मातीत तो नोकरी करतो तिथूनच सुरू होते.

दक्षिण भारतात शेकडो वर्षं मुशीत वितळवून एक खास पोलाद बनवलं जात असे. लोखंडाबरोबर पाला-लाकूड मातीच्या छोट्या मुशीत बंद करायचं, भट्टीत तापवायचं आणि सावकाश थंड होऊ द्यायचं. कार्बनचं प्रमाण भरपूर असलेल्या या पोलादाला जगानं ‘वूट्झ’ म्हटलं. कन्नडमध्ये पोलादाला ‘उक्कु’ म्हणतात, त्याचाच हा अपभ्रंश असावा, असं अभ्यासक मानतात. फ्रान्सिस बुकानन हा इंग्रज कंपनीचा डॉक्टर १८०० साली म्हैसूर राज्यात फिरला, तेव्हा त्यानं अशा भट्ट्या स्वतः पाहून त्यांचं वर्णन लिहून ठेवलं.

या पोलादाला विलायतेच्या प्रयोगशाळेत पोचवलं ते मुंबईनं. मुंबईतले डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी १७९४च्या सुमारास त्याचे नमुने लंडनला रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवले. १७९५ मध्ये जॉर्ज पिअर्सन यांचा त्यावरचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्याच्या शीर्षकात तर हे पोलाद मुंबईत बनतं, असंच म्हटलंय!

लंडनमध्ये जेम्स स्टोडार्ट नावाचा एक नामांकित हत्यारं बनवणारा होता. शस्त्रक्रियेची हत्यारं आणि वस्तरे ही त्याची खासियत. हिंदुस्तानातलं हे पोलाद युरोपातल्या उत्तम पोलादापेक्षा आपल्याला पसंत आहे, अशी जाहिरात तो आपल्या दुकानाच्या कार्डावर छापत असे. पुढं त्याला एक तरुण सहकारी मिळाला, लोहाराचा मुलगा मायकेल फॅरडे. हो, विजेच्या शोधांनी अजरामर झालेला तोच फॅरडे. या जोडीनं १८२० आणि १८२२ मध्ये पोलादाच्या मिश्रणांवर निबंध प्रसिद्ध केले. वूट्झची नक्कल करता येईल का, हा त्यांचा एक ध्यास होता. प्रयोगातून निघालेल्या पोलादाचे वस्तरे करून फॅरडेनं ते मित्रांना भेट म्हणून दिले.

या सगळ्या इतिहासावर शारदा श्रीनिवासन आणि एस. रंगनाथन या अभ्यासकांनी २००४ साली इंग्रजीत पुस्तक लिहिलं. ते प्रसिद्ध केलं बेंगळुरूतल्याच राष्ट्रीय प्रगत अध्ययन संस्था आणि भारतीय विज्ञान संस्था या दोन संस्थांनी. मुशीतलं पोलाद जिथून निघालं, तिथंच त्याचा अभ्यास परत आला म्हणायचा.

इंग्लंडमध्ये शेफील्ड हे वस्तऱ्याचं माहेरघर. तिथले जुने वस्तरे बहुधा पाचरीच्या वळणाचे. पोट खोल घासायचं तर दगडाचं चाक लहान हवं आणि घासणाऱ्याचा हात अचूक हवा, नाहीतर पातळ पोलाद तापून त्याचं पाणी उतरतं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मनीच्या झोलिंगेन गावानं ही पोकळ घासाई कमालीची नावारूपाला आणली. इतकी की, ‘झोलिंगेन’ हे नाव कुणी कशावरही छापू नये म्हणून १९३८ साली जर्मनीत खास कायदा झाला. पण गालाच्या या सुखाची किंमतही कुणी तरी मोजत होतं. शेफील्डमध्ये दगडाची धूळ छातीत जाऊन घासणारे कामगार ऐन तरुणपणी दम्यासारख्या आजारानं मरत. या रोगाला नावच पडलं होतं, घासणाऱ्यांचा दमा.

पोलाद जिंकतं, की केस?

वस्तरा बोथट का होतो, याचं उत्तर बरीच वर्षं ‘वापरून’ एवढंच होतं. केसापेक्षा पोलाद सुमारे ५० पट कठीण. मग मऊ केस कठीण पोलादाला हरवतो कसा?

अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत जियानलुका रोशोली या संशोधकानं चक्क स्वतःची दाढी करून पाती सूक्ष्मदर्शकाखाली तपासली. २०२० साली ‘सायन्स’ या नियतकालिकात त्याचा आणि त्याच्या सहकाऱ्यांचा निबंध आला. धार घासून गोल होते, असा सर्वसाधारण समज. दिसलं ते वेगळंच. धारेचे सूक्ष्म टवके उडाले होते. केस पात्यापुढं वाकला, पातं त्याला तिरकं भिडलं आणि नेमकं त्याच जागी पोलादाची घडण कच्ची असली की टवका उडतो.

यातून घरात उपयोगी पडणारं एक शहाणपण निघतं. केस जितका भिजून मऊ, तितकं धारेवर आणि गालावर ओझं कमी. म्हणून जुने कारागीर वाटीतलं पाणी गालावर चोळत बसायचे, ते काही वेळ घालवायला नव्हे. दोन-तीन मिनिटं पाणी मुरलं की केस फुगतो, मऊ पडतो आणि तो कापायला जोर कमी लागतो. आजच्या घाईत कमी झालीत ती नेमकी हीच दोन-तीन मिनिटं.

अर्धं पातं का आलं?

आता अण्णांच्या गालाची आग. सलूनमध्ये हल्ली जो वस्तरा दिसतो, तो दिसायला वस्तरा, पण आत दाढीच्या ब्लेडचं अर्धं पातं. ब्लेडची जाडी एक मिलिमीटरचा जेमतेम दहावा हिस्सा. त्याला पाठ नाही, पोट नाही, वजन नाही. कारखान्यातून येतानाच ते विलक्षण तीक्ष्ण असतं आणि केसावरून घसरावं म्हणून त्यावर लेपही असतो. पण त्याला सांभाळतो तो त्याचा धारक. धारकानं पातं घट्ट पकडलं आणि धार जेमतेम बाहेर ठेवली, तर दाढी सुखाची. पातं सैल बसलं किंवा जास्त बाहेर आलं, की ते फुरफुरतं आणि कातडी ओरबाडतं. जड वस्तऱ्याच्या सवयीनं कुणी त्यावर दाब दिला, तर विचारायलाच नको.

म्हणजे अण्णांची तक्रार खोटी नाही. ज्या गालाला पन्नास वर्षं जड पोलादाची सवय, त्याला या पत्र्याचा स्वभाव वेगळा लागणारच.

मग सलूनवाल्यानं जुना वस्तरा परत आणावा का? मुळीच नाही! इथं मुलगा बरोबर आहे. वस्तऱ्यानं नकळत का होईना, बारीक जखमा होतात. कावीळ ‘ब’चा विषाणू शरीराबाहेर, सुकलेल्या रक्तात, किमान सात दिवस तग धरू शकतो. कावीळ ‘क’ आणि एचआयव्ही यांचाही धोका रक्तातूनच. एकच वस्तरा दहा गालांवर फिरवून मधे फक्त पाण्यात बुचकळला, तर तो स्वच्छ होत नाही. तुरटीनं रक्त थांबतं, जंतुनाशकाचं काम ती करत नाही. प्रत्येक गिऱ्हाइकाला नवं पातं, हा बदल आरोग्यासाठी झाला आहे आणि तो मागे फिरवून चालणार नाही. ‘माझ्यासमोर पातं बदला’ असं म्हणायला कुणीही संकोचू नये.

जुना जाड वस्तरा हवाच असेल, तर तो स्वतःचा असावा, घरात असावा आणि एकाच माणसाचा असावा. बाप-लेकांनीसुद्धा तो वाटून घेऊ नये.

वस्तऱ्याचा मान

एरवी वस्तरा हातात असणाऱ्याला आपल्या समाजानं काम भरपूर दिलं, मान कमी दिला. बारा बलुतेदारांत नाभिक गावाला हवाच, पण पंगतीत त्याची जागा ठरलेली. त्याच समाजातले संत सेना महाराज वारकऱ्यांना वंदनीय झाले. १६५९ साली प्रतापगडाच्या पायथ्याशी शिवाजी महाराजांवर उगारलेला वार अडवणारा जिवा महाला, ‘होता जिवा म्हणून वाचला शिवा’ या म्हणीतून घराघरांत पोचला. आणि १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं नाभिकांनी एक ऐतिहासिक निर्धार केला की, विधवांच्या डोक्यावर आम्ही वस्तरा चालवणार नाही. पोटाचा धंदा पणाला लावून ज्यांनी हत्यार खाली ठेवलं, त्यांचा हा निर्धार आजही शाळेच्या पुस्तकाबाहेर फारसा सांगितला जात नाही.

कर्नाटकातही याच कारागिरांचा सविता समाज आहे. उत्तर कर्नाटकात बसवेश्वरांचे सहकारी हडपद अप्पण्णा यांना मानणारा समाजही हाच व्यवसाय करतो. कोरोनाच्या टाळेबंदीत दाढीची खुर्ची सगळ्यात आधी रिकामी झाली. मे २०२० मध्ये कर्नाटक सरकारनं सुमारे २ लाख ३० हजार कारागिरांना प्रत्येकी ५,००० रुपयांची मदत जाहीर केली. एका राज्यातला हा आकडा बघितला, तरी किती घरांची चूल या धारेवर पेटते ते कळतं.

दुसऱ्या बाजूला, घरच्या घरी दाढी करण्याचं वेड जगाला लावलं ते किंग कॅम्प जिलेट यांनी. १९०३ साली, विक्रीच्या पहिल्या वर्षी, त्यांचे फक्त ५१ रेझर आणि १६८ पाती खपली. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यानं सैनिकांसाठी ३५ लाख रेझर घेतले आणि चित्र पालटलं. घरी परतलेल्या जवानांनी ती सवय सोडली नाही. तिथून वस्तऱ्याचं पोट, पाठ, दगड, पट्टा हे सगळं सामान्य माणसाच्या आयुष्यातून हळूहळू निघून गेलं.

आणि पाणी?

पण थांबा. अण्णांच्या आगीमागं तिसरा एक आरोपी आहे. तो ना वस्तऱ्यात आहे, ना कारागिराच्या हातात. तो नळात आहे.

महादेवपुऱ्याची नगरपालिका २००७ साली बेंगळुरूच्या महापालिकेत विलीन झाली. पण इथल्या वसाहती वाढल्या त्या बोअरवेल आणि टँकरच्या भरवशावर. २०२४च्या उन्हाळ्यात इथली टंचाई देशभर गाजली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कावेरी योजनेचा पाचवा टप्पा सुरू झाला, तो शहरात नंतर सामील झालेल्या ११० गावांसाठी. महादेवपुऱ्याचा बराच भाग त्यात येतो. तरीही अनेक इमारतींत आजही बोअरचं पाणी मिसळलेलं असतं आणि ते जड असतं. जड पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार असतात. साबण त्यांच्याशी संयोग पावून फेसाऐवजी साका तयार करतो. केस नीट भिजत नाही, फेस लगेच विरतो आणि पातं कोरड्या कातडीवर चालतं. मग ते पाचरीचं असो की पत्र्याचं, आग ठरलेली.

यावर उपाय मात्र अगदी सोपा. दाढीला लागतं किती पाणी? एक मोठा कप. ते पिण्याच्या फिल्टरमधलं घ्या, कोमट करा. बादलीभर पाणी गोड करायची गरज नाही, वाटीभर पुरतं.

घरच्या दाढीसाठी पाच गोष्टी

पहिली, वेळ. अंघोळीनंतर दाढी करा किंवा कोमट पाण्याचा टॉवेल दोन-तीन मिनिटं गालावर ठेवा.

दुसरी, कोन. वस्तरा कातडीशी साधारण ३० अंशांवर धरा. दुसऱ्या हातानं कातडी ताणा. दाब द्यायचा नाही, वस्तऱ्याचं वजनच काम करतं. अर्धं पातं असेल तर हात आणखी हलका.

तिसरी, दिशा. आधी केसांच्या वाढीच्या दिशेनं, म्हणजे सुलटा हात. ज्यांचे केस कुरळे आहेत किंवा मानेवर पुटकुळ्या येतात, त्यांनी उलटा हात टाळावाच. फार खोल कापलेला कुरळा केस कातडीतच परत वळतो आणि गाठ धरतो.

चौथी, निगा. स्वतःचा वस्तरा असेल तर दरवेळी दाढीआधी चामड्याच्या पट्ट्यावर चाळीस-पन्नास वेळा फिरवा, पाठ पुढं आणि धार मागं ठेवून. वळवताना पाठीवर वळवा, धारेवर नाही. दाढीनंतर कोरडा पुसून तेलाचा हात द्या, नाहीतर पावसाळ्यात गंज चढलाच म्हणून समजा. आणि रस्त्यावरून जाणाऱ्या सुरी-कात्रीच्या धारवाल्याला वस्तरा चुकूनही देऊ नका. त्याचं चाक सुरीसाठी आहे. पोकळ पोटाचं पातळ पोलाद त्यावर क्षणात तापतं, निळं पडतं आणि वस्तरा कायमचा कामातून जातो.

पाचवी, सगळ्यात महत्त्वाची. घरात वयस्कर माणूस रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेत असेल, हात थरथरत असतील किंवा मधुमेहामुळे जखमा लवकर भरत नसतील, तर वस्तऱ्याचा हट्ट सोडा. अशांसाठी इलेक्ट्रिक शेव्हर बरा. दाढी थोडी कमी गुळगुळीत होईल, पण न थांबणाऱ्या रक्ताची भीती नाही.

पुढच्या रविवारी अण्णांना सलूनमध्ये पाठवण्याआधी मुलानं एवढं करून बघावं. फिल्टरचं कोमट पाणी थर्मासमध्ये भरून बरोबर द्यावं. कारागिराला सांगावं, ‘‘दादा, यांना आधी चांगलं भिजवा. घाई नाही. नवं पातं, हलका हात आणि फक्त सुलटी दाढी.’’ कारागीर नाराज होणार नाही. आपलं काम कुणीतरी समजून घेतंय, हे कुठल्याही कसबी माणसाला आवडतं.

आणि मग घरी परतल्यावर चहाचा कप हातात घेऊन अण्णा बहुधा गालावरून हात फिरवतील. गावच्या कारागिराची सर त्याला नाही, हे तर ते म्हणणारच. पण थोडं थांबून पुढं म्हणतील, ‘‘आज मातुर बरी झाली!’’